भाषणापलीकडचे दप्तर: शिरूर-दौंडमधील विधानसभा प्रचार आणि बातमीची साधने

विधानसभेची निवडणूक लागली की शिरूर आणि दौंडमध्ये बातम्यांना तोटा नसतो. न्हावऱ्याला सभा, पाटसला पदयात्रा, यवतला पक्षप्रवेश, वाघोलीत दुचाकी फेरी. तालुक्याच्या वार्ताहराचा फोन सकाळपासून निवेदने, फोटो आणि चित्रफितींनी भरून वाहतो. तोटा असतो तो आधाराचा. एक वक्ता सांगतो, कारखाना आम्ही वाचवला. दुसरा सांगतो, यांनीच बुडवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाक्ये एकाच पानावर शेजारी शेजारी छापून येतात आणि ऊस घालणारा वाचक होता तिथेच राहतो.

राज्यातल्या प्रचाराचे वार्तांकन करताना दाव्याची शहानिशा कुठे करायची, या प्रश्नाचा हा आढावा आहे. उदाहरणे शिरूर-दौंडची आहेत, कारण सहकार, पाणी, औद्योगिक वसाहती, शहराची वाढ आणि घराण्यांचे राजकारण या पट्ट्यात एकत्र नांदते. साधने भरपूर आहेत, पण ती तहसील कचेरी, साखर संकुल, पाटबंधारे खाते, विधान भवन आणि पुण्यातली जुनी ग्रंथालये अशी विखुरलेली आहेत. त्यातले प्रत्येक साधन कोणत्या तरी कामासाठी, कोणाच्या तरी सोयीने तयार झालेले असते. म्हणून एकट्या कागदावर भिस्त ठेवून चालत नाही. वेगळ्या हेतूंनी तयार झालेले दोन कागद समोरासमोर ठेवले की बातमी उभी राहते.

आधी नकाशा

‘शिरूरचा मतदार’ हे शब्द ऐकायला सोपे वाटतात, पण शिरूर तीन आहेत. एक तालुका, दुसरा विधानसभा मतदारसंघ क्रमांक १९८ आणि तिसरा लोकसभा मतदारसंघ क्रमांक ३६. तिघांच्या सीमा वेगळ्या आहेत. शिरूर तालुक्यातली बरीच गावे विधानसभेला आंबेगावला मतदान करतात, तर हवेली तालुक्यातला वाघोली, थेऊरकडचा भाग शिरूर विधानसभेत येतो. लोक त्याला शिरूर-हवेली म्हणतात ते उगाच नाही. लोकसभेचा शिरूर मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत तयार झाला आणि २००९ मध्ये तिथे पहिली निवडणूक झाली. त्यात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी आणि शिरूरबरोबर भोसरी आणि हडपसर आहेत. म्हणजे बिबट्याच्या भीतीने रात्री शेतात पाणी धरायला न जाणारा शेतकरी आणि वाहतूक कोंडीने वैतागलेला हडपसरचा नोकरदार एकाच खासदाराचे मतदार आहेत.

भीमेच्या दक्षिणेला दौंड, विधानसभा क्रमांक १९९. तो लोकसभेला बारामतीत जातो. शेजारचे हे दोन तालुके २०११च्या जनगणनेत लोकसंख्येनेही जवळपास सारखे, प्रत्येकी पावणेचार लाखांच्या वर. तरी लोकसभेच्या वेळी त्यांचे राजकारण दोन वेगळ्या दिशांना तोंड करून उभे असते.

म्हणून पहिले साधन म्हणजे पुनर्रचना आदेश. कोणते महसूल मंडळ कोणत्या मतदारसंघात आहे हे त्यात लिहिलेले असते. तालुक्याची आकडेवारी घेऊन मतदारसंघावर विधान करण्याची चूक वर्तमानपत्रांत सर्रास होते. जनगणना, पीक पाहणी, जिल्हा परिषदेचे अहवाल हे सगळे तालुकानिहाय असतात आणि मत मतदारसंघनिहाय पडते. शिरूरसारख्या ठिकाणी हा फरक न पाहता काढलेला जातीचा, पिकाचा किंवा पाण्याचा हिशेब चुकणारच.

निकालपत्रक: नमुना २०

निवडणूक आयोग १९५१-५२पासूनच्या प्रत्येक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल देतो. उमेदवार, पक्ष, मते आणि टक्केवारी त्यात मिळते. पण गावाचा कल पाहायचा तर नमुना २० हाताशी हवा. मतमोजणीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी हे अंतिम निकालपत्रक तयार करतात. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, पुढे प्रत्येक उमेदवाराला त्या केंद्रावर पडलेली मते, मग ‘नोटा’ आणि बेरीज, आणि तळाशी टपाली मतांची वेगळी ओळ. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ही पत्रके मिळतात.

दौंडच्या २०१९च्या निकालात हा कागद किती बोलका असतो ते दिसते. भाजपचे राहुल कुल आणि राष्ट्रवादीचे रमेश थोरात यांच्यात तेव्हा फरक होता अवघ्या ७४६ मतांचा. दोघांनाही लाखाच्या वर मते. इतक्या चुरशीत एखाद्या मोठ्या गावाची दोन केंद्रेही निकाल फिरवू शकतात आणि टपाली मतांची तळाची ओळही नजरेआड करता येत नाही. ‘लाट होती’ किंवा ‘अमुक समाज एकगठ्ठा गेला’ असे म्हणणाऱ्याला केंद्रनिहाय आकडे दाखवायला सांगावेत. २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती तुतारी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली पिपाणी, या चिन्हांच्या घोळाची चर्चा झाली. मतदार खरोखर फसला का, हे ठामपणे सांगणारा कागद नाही. पण पिपाणी चिन्ह मिळालेल्या अनोळखी उमेदवाराला कोणत्या केंद्रांवर अचानक मते पडली, हे नमुना २०मध्ये दिसते आणि पुढचे प्रश्न तिथून विचारता येतात.

इथे दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले केंद्र क्रमांकाचे. मतदार वाढले की केंद्रे फुटतात, क्रमांक सरकतात. मागच्या निवडणुकीतले एखादे केंद्र या वेळी त्याच क्रमांकावर असेलच असे नाही. तुलना करण्याआधी दोन्ही वर्षांच्या मतदान केंद्रांच्या याद्या गावाच्या आणि शाळेच्या नावाने जुळवून घ्याव्या लागतात. दुसरे पथ्य जबाबदारीचे. छोट्या वस्तीचे केंद्र असेल तर मते कोणाची हे गावाला आपोआप कळते आणि निकालानंतर त्या वस्तीच्या पाण्यावर, रस्त्यावर त्याचा राग निघू शकतो. अनेक यंत्रांतली मते एकत्र करून मोजावीत, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५च्या २५५व्या अहवालात केली, ती याच भीतीपोटी. ती शिफारस अमलात येईपर्यंत मते गावाच्या किंवा गणाच्या पातळीवर एकत्र करूनच छापावीत. वस्तीला उघडे पाडणारी बातमी अचूक असली तरी पत्रकाराने ती देऊ नये.

आणखी एक गोष्ट. विधानसभा आणि लोकसभेचे निकाल भारत निवडणूक आयोगाकडे असतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेचे निकाल राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. तालुक्यातल्या गटांची खरी ताकद या दुसऱ्या निकालांत दिसते. त्यांची नोंद मात्र पुष्कळ विस्कळीत आहे.

शपथपत्र: कोणाकडे काय आहे

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावे लागतात. नमुना २६मधले हे शपथपत्र अर्ज भरल्यावर लगेच आयोगाच्या संकेतस्थळावर येते. १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था ‘मायनेता’ या संकेतस्थळावर त्यांचा गोषवारा देते. बहुतेक बातम्या या गोषवाऱ्यावर थांबतात आणि ‘अमुक उमेदवार इतक्या कोटींचा मालक’ एवढाच मथळा होतो.

मूळ शपथपत्रात यापेक्षा खूप काही असते. गट क्रमांकासह जमिनी, कोणत्या पतसंस्थेचे किती शेअर, कोणत्या कारखान्याकडून येणे, कोणत्या बँकेचे कर्ज, पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न. गट क्रमांक मिळाला की सातबारा आणि फेरफार ऑनलाइन पाहता येतात. एकाच उमेदवाराची तीन-चार निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवली की जमीन कधी आली, कर्ज कधी फिटले, कोणता खटला निकाली निघाला, हे समजते. पुणे-नगर रस्त्याच्या कडेच्या आणि रांजणगाव, कुरकुंभ औद्योगिक वसाहतींजवळच्या जमिनींच्या किमती ज्या वेगाने चढल्या, तो वेग लक्षात घेऊनच हे आकडे वाचावेत. नाहीतर वडिलोपार्जित जमिनीचा भाव वाढलेल्या माणसावर अकारण संशय येतो.

गुन्ह्यांची माहिती उमेदवाराने आणि पक्षाने वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तीन वेळा जाहीर करावी, असा दंडक २०१८च्या निकालानंतर आला. कमी खपाच्या पत्रात, बारीक टंकात आलेल्या या जाहिराती बातमीदाराने जपून ठेवाव्यात. आंदोलनातला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांत फरक आहे. कलमे वाचल्याशिवाय ‘इतके गुन्हे दाखल’ असा आकडा छापणे अन्यायाचे होते.

खर्चाचा हिशेब

विधानसभा उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२पासून ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत त्याने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो. प्रचारकाळात नोंदवही तीनदा तपासली जाते आणि निरीक्षकांचे पथक स्वतःची समांतर नोंद ठेवते. मंडप, खुर्ची, ध्वनिक्षेपक, गाडी, चहा, जेवण यांचे दर जिल्हा प्रशासन आधीच ठरवते. सभेला हजर असलेल्या बातमीदाराने खुर्च्या आणि गाड्या मोजल्या, दरपत्रकाने गुणल्या आणि उमेदवाराने दाखवलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्या, तर खर्चाची बातमी तिथल्या तिथे तयार होते.

हा हिशेब कोणाही नागरिकाला पाहता येतो. निवडणूक संचालन नियम १९६१मधल्या नियम ८८नुसार त्याची तपासणी फी एक रुपया आहे आणि फी भरून प्रतही मिळते. निकाल लागला की वर्तमानपत्रांचे लक्ष मंत्रिमंडळाकडे वळते, म्हणून हा एक रुपया फारसे कोणी खर्च करत नाही. पक्षाने केलेल्या खर्चाला मर्यादा नाही. तो पक्षाला विधानसभेनंतर ७५ दिवसांत आयोगाकडे सादर करावा लागतो. उमेदवाराचा आणि पक्षाचा हिशेब एकत्र वाचला तरच मोठ्या नेत्याच्या सभेचा भार कोणी उचलला ते कळते.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ बातमीदाराच्या फार उपयोगाचे आहे. प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव, पत्ता छापणे बंधनकारक आहे आणि मुद्रकाने पत्रकाची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. मतदानाच्या आदल्या रात्री दारात पडणारे निनावी पत्रक कायद्यानेच गुन्हा ठरते. अशी पत्रके तारीख आणि गाव लिहून जपून ठेवली, तर पाच वर्षांनी त्यांचे मोल कळते.

अमेरिकेत राष्ट्रीय निवडणुकांच्या उमेदवाराला एका निवडणूक-चक्रात २०० डॉलरहून जास्त देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाकडे नोंदले जाते आणि कोणालाही ते घरबसल्या पाहता येते. आपल्याकडे पक्षाला २० हजार रुपयांपर्यंत देणाऱ्याचे नाव जाहीर करावे लागत नाही. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केले, त्यानंतर मोठ्या देणगीदारांची नावे बाहेर आली. तालुक्याच्या प्रचारातला पैसा मात्र रोख्यांतून येत नाही. तो ज्या संस्थांभोवती फिरतो, त्यांच्याकडे वळले पाहिजे.

कारखान्याचा वार्षिक अहवाल

शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना, दौंड तालुक्यात पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना, आणि शिरूर विधानसभेच्या हवेली भागात थेऊरचा यशवंत. या पट्ट्यात विधानसभेचा प्रचार या तीन धुरांड्यांकडे न पाहता समजत नाही. यशवंत बरीच वर्षे बंद राहिला. भीमा पाटस २०२२ मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहाला चालवायला दिला गेला. घोडगंगा बंद पडणे हा २०२४च्या शिरूरच्या प्रचारातला सर्वांत तापलेला मुद्दा ठरला. तिथे कारखान्याशी निगडित असलेले तत्कालीन आमदार अशोक पवार यांच्यासमोर ज्ञानेश्वर कटके होते आणि कटके निवडून आले. दौंडचे आमदार राहुल कुल हे भीमा पाटसचे अध्यक्ष, आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी रमेश थोरात पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे माजी अध्यक्ष. एकाच्या हाती कारखाना, दुसऱ्यामागे बँक, ही दौंडच्या लढतीची मांडणी पक्षांच्या नावांहून जुनी आहे.

पक्षांच्या नावांनी इथे नेहमीच चकवा दिला आहे. २००९ मध्ये थोरात अपक्ष म्हणून निवडून आले. २०१४ मध्ये कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून आमदार झाले, २०१९ आणि २०२४ मध्ये भाजपकडून. २०१९ मध्ये त्यांच्या पत्नी कांचन कुल बारामती लोकसभेला भाजपच्या उमेदवार होत्या. पक्ष बदलत गेले, गट टिकले. गटाचा माग काढायचा तर कारखाना, बँक, बाजार समिती आणि खरेदी-विक्री संघ यांच्या संचालकांच्या याद्या पाहाव्या लागतात. सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे आणि सहायक निबंधकांच्या कार्यालयात त्या मिळतात.

कारखान्याचा वार्षिक अहवाल हे माझ्या मते या साऱ्यातले सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. वार्षिक सभेआधी तो सभासदांना मिळतो. पहिल्या काही पानांवर फोटो, श्रद्धांजली आणि अध्यक्षांचे मनोगत असते. त्यामागची पाने वाचावीत: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, मागच्या वर्षीच्या सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यांवर संचालकांनी दिलेला दोषदुरुस्ती अहवाल. मुदत संपलेले कर्ज, ऊसतोडणी वाहतूकदारांकडे अडकलेली उचल, कामगारांचे थकलेले पगार, भविष्य निर्वाह निधीची थकबाकी हे सगळे तिथे आकड्यांत असते. पाच-सात वर्षांचे अहवाल ओळीने लावले की कारखाना कोणत्या हंगामात घसरणीला लागला ते दिसते. मग ‘सरकारने कर्ज दिले नाही म्हणून बंद पडला’ आणि ‘कारभार बिघडला म्हणून बंद पडला’ या दोन्ही दाव्यांना त्याच फूटपट्टीने मोजता येते.

माहितीचा अधिकार इथे थेट चालेलच असे नाही. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. पण सहकार कायद्याच्या कलम ३२नुसार सभासदाला कागद पाहण्याचा हक्क आहे. कलम ८३ आणि ८८खालच्या चौकशांचे अहवाल सहकार खात्याकडे असतात आणि खाते माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. उसाच्या एफआरपीची, म्हणजे किमान रास्त दराची, थकबाकी कारखानावार पुण्याच्या साखर संकुलातून कळते. प्रचारातला ‘आम्ही सर्वांत जास्त भाव दिला’ हा दावा तपासायला हा तक्ता पुरेसा असतो. फक्त जाहीर झालेला दर, पहिली उचल आणि खात्यात जमा झालेली रक्कम या तीन गोष्टी वेगळ्या धराव्यात.

संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात महाराष्ट्रातल्या राजकीय नियंत्रणाखालच्या कारखान्यांचा अभ्यास आहे. निवडणुकीच्या वर्षांत अशा कारखान्यांनी उसाला कमी दर दिल्याचे त्यांना आढळले, आणि हा पैसा प्रचाराकडे वळत असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा राज्यभराच्या आकड्यांचा कल आहे. तो कोणत्याही एका कारखान्यावर आरोप म्हणून चिकटवता येत नाही. आपल्या कारखान्याला कोणते प्रश्न विचारायचे, ते मात्र त्यातून कळते.

आवर्तन कोणी आणले

दौंडला नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी खडकवासला साखळीतून येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यावर पुणे शहराची तहान आणि दौंड-इंदापूरची शेती असा दुहेरी भार आहे. शहर ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी उचलते, ही शेतकऱ्यांची तक्रार महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत गेली. शिरूरचे पाणी चासकमान, डिंभे आणि घोड प्रकल्पांशी बांधलेले आहे. उन्हाळी आवर्तनावरून आंबेगाव, शिरूर आणि खाली नगर जिल्ह्यात दरवर्षी ताणाताणी होते.

‘आवर्तन मीच सोडायला लावले’ हे वाक्य प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी असते. ते तपासायला कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आहे. बैठकीला कोण हजर होते, कोणी काय मागितले आणि काय ठरले, हे त्यात नोंदलेले असते. धरणसाठ्याचे आकडे रोज जाहीर होतात आणि कालव्यात किती क्युसेकने पाणी सुटले याची नोंद पाटबंधारे उपविभागाकडे असते. तिसरा साक्षीदार टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी. बैठकीत ठरलेले पाणी शेवटच्या चारीपर्यंत किती दिवसांनी पोचले, हे त्याच्याइतके नेमके कोणीच सांगत नाही. कागद आणि टेलचा शेतकरी यांच्या सांगण्यात तफावत निघाली, तर बातमी त्या तफावतीत असते.

विधान भवन आणि शासन निर्णय

आमदाराने सभागृहात काय मांडले हे विधिमंडळाच्या कार्यवाहीत शब्दशः असते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि पुरवणी मागण्यांवरची भाषणे वाचली की मतदारसंघाचा कोणता प्रश्न खरोखर लावून धरला आणि कोणता फक्त फलकावर राहिला, ते समजते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, म्हणून नुसती प्रश्नांची संख्या मोजून क्रमवारी लावू नये.

‘निधी मंजूर’ हे प्रचारातले सर्वांत निसरडे शब्द. रस्त्याच्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि शेवटी झालेल्या कामाचे देयक. फलक बहुधा पहिल्याच पायरीवर लागतो. त्या पायरीचा शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर तारखेसह सापडतो, पुढच्या पायऱ्यांची माहिती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि ई-निविदेच्या संकेतस्थळावर मिळते. २०२४ मध्ये आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. त्याआधीच्या आठवड्यांत निघालेले शासन निर्णय आणि वर्षभरानंतर प्रत्यक्ष झालेली देयके यांची तुलना हा कोणत्याही तालुक्यासाठी तयार विषय आहे. लाडकी बहीण योजनेचा निर्णय २८ जून २०२४चा. या योजनेने शिरूर-दौंडच्या सभांतली महिलांची गर्दी बदलली का, हे विचारताना तालुक्यातल्या लाभार्थींची संख्या महिला व बालविकास विभागाकडून घ्यावी. भाषणातली संख्या घेऊ नये.

श्रेयाच्या लढाईत न्यायालयाचे निकालही साधन ठरतात. शिरूर लोकसभेत बैलगाडा शर्यतीवर दशकभर प्रचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी आणली, २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. ही चार टप्प्यांची तारीखवारी छापली तरी कोणाचा वाटा कुठे होता, हे वाचक स्वतः ठरवू शकतो.

जुनी वर्तमानपत्रे आणि विकत घेतलेली बातमी

मागच्या निवडणुकांतला सूर ऐकायचा तर वर्तमानपत्रांच्या फायलींना पर्याय नाही. १८८१चा ‘केसरी’, १९३२चा ‘सकाळ’ आणि नंतरची जिल्हा पाने यांचे संच पुण्यात पाहायला मिळतात. १८४८ची परंपरा सांगणारे पुणे नगर वाचन मंदिर, गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय ही त्यासाठी हक्काची ठिकाणे. तालुक्याच्या साप्ताहिकांच्या फायली मात्र बहुधा संपादकाच्या माळ्यावरच असतात, आणि दौंडच्या रेल्वे कामगारांचे, कुरकुंभच्या प्रदूषणाचे, शिरूर-घोडनदीच्या बाजारपेठेचे राजकारण जेवढे त्यांत सापडते तेवढे मोठ्या दैनिकांत सापडत नाही.

या फायली वाचताना २००९ विसरू नये. त्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या दैनिकांत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा सुळसुळाट झाला. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्या काळच्या कात्रणावरून ‘प्रचंड प्रतिसाद’ असे उचलणाऱ्याने आधी तोच मजकूर दुसऱ्या दैनिकात आहे का ते पाहावे. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे संशयित पेड न्यूजच्या नोटिसा असतात. जाहिरातीचे उद्दिष्ट वार्ताहराच्याच गळ्यात असते, हे तालुक्यातले वास्तव आहे. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच खर्चाचा हिशेब मागायचा, ही कोंडी सोडवण्याची जबाबदारी मालकांची आहे.

अभ्यासकांचे लेखन

पुण्यात निवडणूक अभ्यासाची मोठी परंपरा आहे. व. मं. सिरसीकर यांनी साठच्या दशकात पुण्याच्या मतदारांचा आणि ग्रामीण नेतृत्वाचा अभ्यास केला. बी. एस. बाविस्कर यांचे साखर सहकारावरचे १९८०चे पुस्तक कोपरगावचे असले, तरी कारखान्याच्या निवडणुकीत गट कसे बांधले जातात हे शिरूर-दौंडच्या बातमीदाराला त्यातून नीट समजते. सुहास पळशीकर आणि सुहास कुलकर्णी यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्रातील सत्तासंघर्ष’ हा २००७चा ग्रंथ, राजेश्वरी देशपांडे आणि नितीन बिरमल यांचे लेखन, ‘समाज प्रबोधन पत्रिके’चे अंक आणि लोकनीतीची मतदानोत्तर सर्वेक्षणे यांतून राज्याचा पट कळतो. सर्वेक्षणाचा नमुना राज्यासाठी घेतलेला असतो. त्यावरून एका तालुक्याचे मत सांगता येत नाही.

फोनवरचा प्रचार

आता निम्मा प्रचार हातातल्या फोनवर होतो. मेटा आणि गूगल यांच्या जाहिरात संग्रहांत राजकीय जाहिराती, त्यांचा अंदाजे खर्च आणि पैसे भरणाऱ्याचे नाव शोधता येते. उमेदवाराच्या नावाची सोडून भलत्याच नावाची पाने प्रचार करत असतात, ती इथे पकडता येतात. व्हॉट्सअ‍ॅपचे गट मात्र कुठल्याच संग्रहात जात नाहीत. गावच्या गटात फिरलेली चित्रफीत मिळाली की तारीख, वेळ आणि कुठून आली याची नोंद लगेच ठेवावी, आणि आवाज किंवा चेहरा बनावट असू शकतो हे धरूनच पुढे जावे.

कागद जिथे थांबतो

मतदानाच्या आदल्या रात्री कोणत्या वाडीत कोण फिरले, कोणाला ‘थांबवले’, कोणत्या भावकीचा निरोप फिरला, याचा कागद कधीच नसतो. इथे माणसेच साधन. पण कोणती माणसे? पुढारी आणि कार्यकर्ते आपली बाजू सांगतात. शिरूर-दौंडमध्ये ऊसतोड मुकादम, सोसायटीचा सचिव, निवृत्त ग्रामसेवक, बाजार समितीतला हमाल, बचत गटाची अध्यक्षा, कंपनीत कंत्राटी काम करणारा परप्रांतीय कामगार, सांडपाण्याने विहीर बिघडलेली कुरकुंभची शेतकरीण यांच्याशी बोलणारे बातमीदार कमी आहेत. बायकांचे मत घरातल्या पुरुषाला विचारून लिहिण्याची सवय तर तातडीने सुटली पाहिजे. नाव छापल्याने ज्याची रोजी जाईल, त्याचे नाव छापू नये, आणि त्याने सांगितलेले किमान एका कागदाने किंवा दुसऱ्या असंबंधित माणसाने पक्के करावे.

काय करायला हवे

प्रचार सुरू झाल्यावर हे सगळे जमवता येत नाही. तेव्हा दिवसाला चार सभा असतात आणि संध्याकाळी सातला मजकूर पाठवायचा असतो. ही तयारी निवडणूक नसलेल्या वर्षांत करावी लागते. सप्टेंबरमध्ये कारखान्याचा अहवाल, अधिवेशनानंतर प्रश्नोत्तरे, उन्हाळ्यात कालवा समितीचे इतिवृत्त आणि निकालानंतर महिनाभराने खर्चाचा हिशेब. एका तालुक्यासाठी असे दप्तर बांधायला वर्षाचे थोडेच दिवस लागतात, पण ते दिवस वार्ताहराला पगारी मिळाले पाहिजेत. ओळींवर मानधन आणि जाहिरातीवर कमिशन देऊन संशोधनाची अपेक्षा ठेवता येत नाही.

संस्थांनाही काही करता येईल. शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्र विभागांनी तालुक्याची साप्ताहिके, प्रचारपत्रके, कारखान्यांचे अहवाल आणि नमुना २० एका कपाटात आणावेत आणि ते सर्वांना खुले ठेवावे. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मिळणार नाही. जिल्हा निवडणूक कार्यालयाने खर्चाचे हिशेब आणि मुद्रकांकडून आलेली पत्रके कायम संकेतस्थळावर ठेवावीत. मतदारांसाठी तयार झालेले कागद मतदारांना पाच वर्षांनीही दिसले पाहिजेत.

आपल्या मताने आमदार ठरतो, आणि आमदाराच्या हाती कारखान्याचे धोरण, कालव्याचे पाणी, रस्त्याचा निधी यांवर प्रभाव जातो. त्या मताआधी मतदाराला जे सांगितले जाते, त्यातले किती खरे हे तपासून देणे हे वार्तांकनाचे पहिले काम आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक कागद न्हावरे, पाटस, शिरूर, दौंड आणि पुणे या पाच ठिकाणांच्या परिघात आहेत. ते मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघायची वाट न पाहता ते मागायला सुरुवात करावी.